ब्रायटन की बडली सॉल्टर्टन : गोट्यांचे दोन किनारे
इंग्लंडमध्ये विवस्त्र वावरता येणाऱ्या गोट्यांच्या किनाऱ्यांपैकी ब्रायटनचा पट्टा १९८० मध्ये अधिकृत झाला. मॅग्नस व्होल्क यांनी १८८३ मध्ये सुरू केलेली छोटी विद्युत रेल्वे जवळपर्यंत नेते आणि गोट्यांचा उंच बांध आडोसा देतो, तरी शहर पाठीशीच असते. डेव्हन परगण्यातील बडली सॉल्टर्टनच्या पश्चिम टोकाला असलेल्या अशाच पट्ट्याकडे मात्र गावापासून गोटे तुडवतच जावे लागते. तिथल्या लाल कड्यांतून सुटलेले, अंड्यासारखे गुळगुळीत, क्वार्ट्झाइट या कठीण खडकाचे गोटे ४० कोटी वर्षांहून जुने असून ते उचलून नेण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. निवांतपणा हवा असणाऱ्याने, माझ्या मते, बडलीच निवडावे. फक्त पाण्यात शिरतानाही जाड तळव्यांची पादत्राणे पायांत असू द्यावीत, कारण किनारा एकदम खोल होतो आणि ओले गोटे पायांखालून सरकतात.