१३१० मिमीचा ॲक्सल मागितला, टेपवर १३१० दाखवलं, आत भलतंच निघालं

मी गोव्यातल्या साखळीचा. गेली तीन वर्षं घरामागच्या शेडमध्ये एक टू सीटर बनवतोय, लोटस सेव्हनच्या धर्तीवर, म्हणजे १९५७ साली इंग्लंडमध्ये किट म्हणून विकायला आली होती ना ती. चौकोनी पाइपची चेसिस, पुढे इंजिन, मागे सरळ ॲक्सल, बस. इंजिन गिअरबॉक्स मारुती जिप्सीचं, मडगार्ड बेतीला होड्यांचं फायबरकाम करणाऱ्या एका मिस्त्रीकडून करून घेतले. गाडीचं पासिंग होणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहिती होतं, आमच्या बागायतीतल्या वाटेवर आणि वरच्या सड्यावर फिरवायची एवढीच हौस.

मागे डिस्क ब्रेक हवे होते. खरं तर एवढ्या हलक्या गाडीला मागे ड्रम पुरतात, ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि बरंचसं काम पुढचेच ब्रेक करतात. पण आमच्याकडे पावसाळ्यात लाल चिखल ड्रममध्ये शिरतो, आत सुकून बसतो, शू घासत राहतात, दर थोड्या दिवसांनी उघडून साफ करा, त्याला कंटाळलो होतो.

आता ॲक्सलचं. जुन्या अरुंद जिप्सीचा मागचा ट्रॅक, म्हणजे एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, १२२० मिमी, नंतर वाइड ट्रॅक जिप्सी आली, तिचा १३१०, जिप्सी किंगचाही तोच. म्हणजे ९० चा फरक, एका बाजूला ४५. माझं पुढचं सस्पेन्शन, मडगार्ड सगळं वाइड ट्रॅक धरून केलेलं, त्यामुळे मागे वाइडच पाहिजे, अरुंद लावला तर मागची चाकं पुढच्यांपेक्षा आत जाणार.

म्हापशाच्या बाजूला एक गॅरेज आहे, नाव घेत नाही. तिथे जुनी जीप, जिप्सीची कामं करतात. मालक म्हणाला, "पात्रांव (मालक), काय प्रॉब्लेम ना, वाइड ॲक्सल पडलाय आपल्याकडे, डिस्क बसवून, रंग मारून रेडी देतो, तुम्ही फक्त खाली टाकायचा." ६२ हजार ठरले. ४० हजार मी यूपीआयने आधीच दिले, बाकीचे डिलिव्हरीला रोख. बिल मागितलं तर म्हणाला बिल पाहिजे तर १८ टक्के वर लागतील, आणि मी गप्प बसलो, ती माझी चूक.

चवथीच्या आधी त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. ॲक्सल स्टँडवर, दोन्ही चाकं लावलेली, टेप एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्या टायरच्या मध्यापर्यंत, आकडा १३१० बरोबर. मी खूश. काळा रंग चकाचक, डिस्क नव्या, कॅलिपर (डिस्कला पॅडने दाबून धरतात ते) नवे.

आणून बसवला, ब्रेक ब्लीड केले म्हणजे पाइपातली हवा काढली, चालवायला लागलो. पेडल जरा खोल जात होतं, म्हणलं मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने ऑइल ढकलणारा पंप, ड्रमचाच आहे, डिस्कच्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, बदलू नंतर. हँडब्रेक मात्र लागेचना. केबल खाली वायरने बांधून ठेवलेली. विचारलं तर म्हणाला पुढच्या वेळी याल तेव्हा करून देतो. हे कॅलिपर कुठल्यातरी छोट्या गाडीच्या पुढच्या चाकाचे होते आणि पुढच्या कॅलिपरला हँडब्रेकची लिव्हरच नसते, तर तो जोडणार कशाला. मागे डिस्क करायची असेल तर हँडब्रेकची लिव्हर असलेला मागचाच कॅलिपर पाहिजे, नाहीतर केबलवर चालणारा वेगळा कॅलिपर तरी. हे मला माहिती असायला हवं होतं, मी पाहिलंच नाही.

सगळी मिळून पंधराएक किलोमीटर गाडी चालली असेल. एका रविवारी भाचा बाजूला बसलेला, बारा वर्षांचा, सड्यावरून खाली येताना डाव्या बाजूने टक् टक् आवाज यायला लागला. नट घट्ट होते. जॅक लावून चाक हलवलं तर वरखाली डुलतंय. चाक काढलं, कॅलिपर सोडवला, डिस्क ओढली तर मागे हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्याला, चिकटवल्यासारखी एक जाड रिंग, ४५ मिमीची, गॅस कटरने कापलेल्या कडा तशाच, त्यावर रंग. स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यावर बसतात ते बोल्ट, कापून वेल्डिंग करून लांब केलेले. पाचातले दोन तडकलेले, एकाची भेग तर डोळ्यांना दिसत होती. उजव्या बाजूलाही तीच रिंग.

म्हणजे ॲक्सल जुन्या जिप्सीचा, अरुंद. त्यालाच दोन्हीकडे ४५ ची रिंग लावून ट्रॅक १३१० केला, मग डिस्क त्या रिंगवर, आणि कॅलिपर तिथपर्यंत पोचावा म्हणून लांब हाताची पट्टी. ब्रेक मारला की ती पट्टी वाकायची, पॅड एका कडेला तिरके घासले गेलेले. खरा वाइड ॲक्सल असेल तर त्याचा हाउसिंगचा पाइप लांब असतो, आतला शाफ्ट लांब असतो, बेअरिंगसुद्धा तेवढं बाहेर येतं. इथे बेअरिंग होतं तिथेच आणि चाक ४५ मिमी बाहेर, सगळा भार त्या वेल्ड केलेल्या स्टडवर आणि बेअरिंगवर. जिप्सीच्या मागच्या ॲक्सलमध्ये चाकाला धरायला तो शाफ्टच, स्टड तुटले किंवा शाफ्ट गेला तर चाक सुटून जातं. भाचा त्या बाजूला बसला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी रिंग घेऊन गेलो. तो म्हणाला, "तुम्हाला १३१० पाहिजे होतं, १३१० दिलं." आणि हीच गोम आहे. टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा आकडा कसाही आणता येतो, रिंग लावून आणता येतो, रिम बदलूनही, रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबवर बसायची जागा किती सरकलेली ते, १० मिमीने बदलला की ट्रॅक २० ने बदलतो. मापायचं ते चाक, डिस्क, ड्रम सगळं काढून, एका हबच्या फ्लँजपासून (चाक टेकतं ती सपाट चकती) दुसऱ्या फ्लँजपर्यंत, ओळंबा सोडून खाली फरशीवर खूण करून. आणि शेजारी खऱ्या वाइड गाडीचं तेच माप घ्यायचं. मी नंतर ओळखीच्या एकाच्या किंगवर घेतलं, माझ्या ॲक्सलपेक्षा बरोबर ९० जास्त.

पैसे परत मागितले तर आवाज चढवून म्हणाला, "तुमची गाडीच बेकायदा, तक्रार करा, आधी तुम्हीच अडकाल." मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं, हे तो मला ऐकवत होता, जो रोज तेच काम करून पैसे घेतो. दोन मिनिटं मी खरंच घाबरलो. पण माझी गाडी रस्त्यावर नाही, आणि मी विकत घेतला तो ॲक्सल, खोटं सांगून दुसरा माल दिला ही फसवणूकच. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंद केली, मग वकिलाकडून नोटीस. ५ लाखांपर्यंतच्या मालाला ग्राहक आयोगात फी लागत नाही, मुदत २ वर्षांची. बिल नाही, पण यूपीआयची नोंद आहे, आणि "वाइड ट्रॅक" असं त्याने स्वतः टाइप केलेला मेसेज आहे, तो फोटोही. नोटीस गेल्यावर २५ हजार आले, बाकीच्यांसाठी केस टाकतोय.

पण मला जास्त छळतंय ते वेगळंच. परत येताना तिथला एक पोरगा बाहेर गेटपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, असे अजून दोन गेलेत, एक जीपला बसवून दिलाय, ती रोज रस्त्यावर फिरते. कुणाची, त्याला माहीत नाही, किंवा सांगायची हिंमत नाही. तर गेल्या वर्षभरात म्हापशाकडून कुणी रंगवलेला, डिस्कवाला रेडी ॲक्सल घेतला असेल तर कृपा करून आजच चाक काढा, कॅलिपर सोडवा, डिस्क बाहेर ओढा आणि मागे हात घालून बघा. अर्धा तास लागतो. रिंग सापडली तर गाडी तिथेच उभी ठेवा, गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टोइंग बोलवा.