३०४ सांगून २०२ दिले : पॅनेलच्या स्क्रूंमध्ये माझी झालेली फसवणूक

कंट्रोल पॅनेल बनविणाऱ्या लहान कारखानदारांनी, विशेषतः ज्यांची पॅनेले कोकणपट्टीत जातात त्यांनी, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू ऑनलाइन मागविण्यापूर्वी हे वाचावे. रत्नागिरीतील एका मासळी प्रक्रिया कारखान्यासाठी भोसरीच्या माझ्या वर्कशॉपमध्ये पंपांची पॅनेले तयार केली होती. खाऱ्या हवेमुळे दारांचे, ग्लँड प्लेटचे (केबल आत घेण्याच्या पट्टीचे) आणि अर्थिंगचे सर्व स्क्रू ३०४ प्रतीचेच, म्हणजे जास्त निकेलच्या, गंजाला टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचेच असावेत, अशी अट कारखान्याच्या खरेदी आदेशात स्पष्ट होती. त्यानुसार स्क्रू, बोल्ट आणि वॉशर असा ६१,४०० रुपयांचा माल ऑनलाइन मागविला. त्यावर १८ टक्के जीएसटी ११,०५२, म्हणजे एकूण ७२,४५२ रुपये माल निघण्यापूर्वीच एनईएफटीने भरले आणि वाहतुकीचे १,२५० रुपये वेगळे दिले.

नमुना अस्सल आणि माल बनावट, हा प्रकार बाजाराला नवा नाही. विक्रेत्याने आधी पाठविलेल्या नमुन्यातील एम६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या डोक्यावर ‘ए२-७०’ ही स्टीलची जात आणि ताकद सांगणारी खूण ठसठशीत उमटलेली होती. प्रत्यक्ष खोकी उघडली तेव्हा त्याच मापाच्या बोल्टची डोकी कोरी होती. आयएसओ ३५०६ या मानकाप्रमाणे ५ मिलिमीटर आणि त्यावरील हेक्स बोल्टवर ही खूण असणे बंधनकारक आहे. लहान पॅन हेड स्क्रूंना ती सक्ती नाही आणि त्या फटीचा फायदा विक्रेते बरोबर उठवतात. मी फोन केला, तर उत्तर आले, “साहेब, हा दुसऱ्या डायचा (साच्याचा) लॉट आहे. सोबत टेस्ट सर्टिफिकेट दिले आहे ना?”

ते सर्टिफिकेट आजही टेबलाच्या खणात आहे आणि पाहिले की संताप होतो. एम४ चे स्क्रू, एम६ चे बोल्ट आणि वॉशर, तिन्हींपुढे एकच हीट नंबर (भट्टीतल्या एका ओतीचा क्रमांक) आणि निकेल ८.१२ टक्के! स्क्रू तारेपासून घडवतात, वॉशर पत्र्यातून कापतात. तार आणि पत्रा एकाच हीटचे आणि निकेलचा आकडा दुसऱ्या दशांशापर्यंत सारखा, हे कोणाला खरे वाटेल? पण दंडाची अट असलेली डिलिव्हरी डोक्यावर असताना स्क्रूच्या सर्टिफिकेटचे रकाने जुळवीत बसणारा पॅनेलवाला मला दाखवा. दरही संशय यावा इतका कमी नव्हता. स्थानिक दरापेक्षा जेमतेम ७ टक्के स्वस्त होता. शिवाय आम्ही प्रत्येक खोक्यातील मूठभर स्क्रूंना लोहचुंबक लावून पाहिला होता. एकही चिकटला नाही.

इथेच सगळे फसतात. २०२ आणि तिच्या जातीच्या स्वस्त प्रतींत निकेलची जागा मँगनीज घेते आणि लोहचुंबक त्यांनाही चिकटत नाही. उलट थंड अवस्थेत ठोकून घडविलेला खरा ३०४ चा स्क्रू कधी कधी किंचित ओढला जातो. चुंबकाने फक्त मुलामा दिलेले लोखंड पकडता येते. त्याहून जास्त भरवसा त्यावर ठेवू नका. बॅटरीवर करायच्या थेंब-चाचणीची बाटली बाजारात मिळते, मँगनीज जास्त असले की थेंब लाल होतो. ती चाचणी नमुन्यावर करून उपयोग नाही, आलेल्या मालावर करा.

पहिल्याच पावसाळ्यात स्क्रूंच्या डोक्यांवरून तांबडे ओघळ आले. दार उघडताना काही डोकी तुटली, गॅस्केटवरचा (दाराच्या रबरी पट्टीवरचा) दाब गेला आणि पाणी आत शिरू लागले. कारखान्यातील माणसाने हाताशी असलेले टोकदार सेल्फ टॅपिंग स्क्रू पिळून वेळ मारून नेली. त्यातल्या एकाचे टोक दारामागून जाणाऱ्या २३० व्होल्टच्या वायरच्या इन्सुलेशनमध्ये घुसले. दाराला अर्थशी जोडणाऱ्या पट्टीचा स्क्रूही गंजलेला असल्यामुळे दार तसेच जिवंत राहिले आणि ऑपरेटरचा हात लागला तेव्हा कुठे ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, ट्रिप झाला. माणूस वाचला. पॅनेलच्या दारात बोथट टोकाचा मशीन स्क्रूच हवा आणि त्याची लांबी आतल्या वायरपर्यंत पोहोचणार नाही इतकीच हवी, हे ग्राहकाच्या देखभाल विभागाला आता मी लेखी देतो. अर्थ पट्टीखाली रंग खरवडून स्टार वॉशर बसवायचा, हेही त्यात असते.

प्रयोगशाळेच्या तपासणीचे ३,५४० रुपये भरले. निकाल आला : निकेल १.१ टक्के, मँगनीज ९.६ टक्के, म्हणजे बाजारात २०२ म्हणून खपणारी, प्रत्यक्षात तिच्याहूनही हलकी प्रत. ३०४ मध्ये निकेल किमान ८ आणि मँगनीज जास्तीत जास्त २ टक्के असते. नवे स्क्रू, गॅस्केट, वायर, मजुरी आणि प्रवास मिळून ३८,६०० रुपये गेले. म्हणजे आजवर १,१५,८४२ रुपये. ग्राहकाने रोखून धरलेले ४२,००० वेगळेच.

एवढे सगळे कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेलो, तर ही दिवाणी बाब आहे, असे सांगण्यात आले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, असे म्हटल्यावर ‘माल तर मिळाला ना?’ हा प्रतिप्रश्न आला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही तेच उत्तर. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर व्यावसायिक खरेदी म्हणून हात वर केले. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला ग्राहक कायद्यात सवलत आहे, पण माझ्याकडे चार कामगार असल्याने ती मला लागू होते की नाही यावर वाद होईल, असे वकील म्हणतात, म्हणजे चार जणांना रोजगार दिला हाच माझा गुन्हा! जीएसटी कार्यालय म्हणते की कर भरलेला आहे, मालाच्या प्रतीशी आमचा संबंध नाही. ‘समाधान’ पोर्टल लघुउद्योगांच्या थकलेल्या येण्यांसाठी आहे, खरेदीदार म्हणून लुबाडल्या गेलेल्या लघुउद्योगासाठी नाही. आणि ज्या संकेतस्थळावर हा विक्रेता भेटला ते ‘विश्वासार्ह पुरवठादार’ हा शिक्का त्याच्या नावापुढे लावण्याचे पैसे घेते, पण जबाबदारीचा प्रश्न आला की आम्ही फक्त गाठ घालून देतो म्हणते. प्रत्येक टेबलाला माझ्या नुकसानीचा एकेक कोपरा मान्य आहे, पण तक्रार दाखल करून घ्यायला कोणी तयार नाही.

आगाऊ पूर्ण रक्कम देऊ नका. निदान ३० टक्के रक्कम तपासणीनंतर देण्याची अट खरेदी आदेशात घाला. ‘एस.एस. स्क्रू’ असे मोघम बिल स्वीकारू नका, त्यावर प्रत आणि हीट नंबर लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसते ‘एस.एस.’ होते आणि विक्रेत्याचा वकील आता त्यावरच बोट ठेवतो आहे, कारण २०२ हेही स्टेनलेसच. तोच विक्रेता नव्या नावाने पुन्हा यादीत आला आहे. छायाचित्रे जुनीच आहेत, निळ्या झाकणाची प्लास्टिकची डबी आणि तिच्यावर हाताने लिहिलेले माप. तशी डबी आली, तर उघडण्याआधी व्हिडिओ काढा.