ऐरोलीची नौकाफेरी: घड्याळापेक्षा तिथी पाहून जावी

नवी मुंबईत ठाणे खाडीकाठी असलेल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित अर्थात फ्लेमिंगो पाहण्यासाठी जी नौकाफेरी निघते, तिच्यासाठी केवळ रविवार मोकळा आहे म्हणून जाऊ नये; आधी तिथी पाहावी. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती दुपारी 12 च्या आगेमागे येते आणि पुढे रोज साधारण 50 मिनिटांनी सरकते, त्यामुळे फेऱ्यांच्या वेळाही रोज बदलतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा गैरकारभार वाटतो, पण त्यात केंद्राचा इलाज नाही. होडीला पाणी लागते आणि पक्ष्यांना चिखल. पूर्ण भरतीला होडी कुठेही जाते, पण दलदल बुडालेली असल्याने पक्षी उडून गेलेले असतात. पूर्ण ओहोटीला पक्षी भरपूर, पण होडी रुतण्याची भीती. या दोहोंमधला जो तास-दीड तास मिळतो, त्यासाठीच हे तिकीट काढायचे.

आम्ही फेब्रुवारीत संकष्टीच्या दिवशी गेलो. आईचे बालपण रत्नागिरीकडच्या खाडीकाठी गेलेले; तिने आदल्या दिवशीच बोटांवर तिथी मोजून भरती तीनच्या सुमारास येईल असे सांगितले होते, आणि होडी सुटली तेव्हा पाणी उतरणीला लागलेले होते. पहिली काही मिनिटे दोन्ही बाजूंना फक्त तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची, भिंत दिसते. ती कंटाळवाणी वाटू देऊ नये. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसल्याने तिवर आपली श्वसनमुळे पेन्सिलींसारखी वर काढतो आणि शोषलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. आधी केंद्रातील माहिती दालने पाहून होडीत बसल्यास हे नीट ओळखता येते. त्याच मुळांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र ओळखण्यासाठी कोणत्याही दालनाची गरज पडत नाही.

पुढे खाडी रुंदावली, पश्चिमेला भांडुपच्या बाजूचा चिखलपट्टा उघडा पडू लागला आणि नाखव्याने इंजिन बंद केले. हीच या फेरीची सर्वांत मोलाची गोष्ट. एवढा वेळ इंजिनाच्या आवाजात बुडालेला हजारो पक्ष्यांचा कलकलाट तेव्हा ऐकू आला. यात बहुसंख्य धाकटे रोहित असतात, गर्द लाल चोचीचे. उंच, फिकट आणि गुलाबी चोचीचे मोठे रोहित त्यांच्यात सहज वेगळे दिसतात. मान खाली घालून उलट्या चोचीने ते चिखलपाणी गाळतात, आणि त्यातील सूक्ष्म शेवाळातून मिळणाऱ्या रंगद्रव्यामुळे त्यांना तो रंग येतो. हे शेवाळ इथे माजण्यामागे शहरांचे सांडपाणीही असावे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे या गुलाबी वैभवात आपल्या मोऱ्यांचाही थोडा वाटा आहे.

होडी थव्यात घुसवली जात नाही, अंतर राखले जाते, आणि ते योग्यच आहे. मोबाइलवर जवळचे छायाचित्र हवे असणाऱ्यांची निराशा होईल. दुर्बीण न्यावीच, मी ती घरी विसरलो आणि शेजारच्या आजोबांची तीनदा मागून घेतली. शेकाटे, बगळे आणि कुरव मात्र दुर्बिणीविनाही दिसले.

ठाणे खाडीच्या या भागाला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला; सुमारे 1,690 हेक्टरपैकी 896 हेक्टर कांदळवन आणि उरलेले पाणी. 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतही, या खाडीचा समावेश झाला. फेब्रुवारी-मार्च हा उत्तम काळ, मात्र टोपी आणि पाणी सोबत असावे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना शेवटची वीस मिनिटे जड जातात. आमच्या भाचीने ती होड्या मोजण्यात घालवली.

ज्यांना भरतीचीच वेळ मिळेल त्यांनी नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे जावे. खाडीतील चिखल बुडाला की यातले बरेच पक्षी तिथे विसाव्याला येतात, आणि ते काठावर उभे राहूनही दिसतात.