दिवे आधी मालवा: घोडबंदर रोडवरच्या एका पडद्यावर भयपटांचे ट्रेलर

माझी भाची तन्वी म्हणते, "मामा, सात वीसचा खेळ म्हणजे सिनेमा सात पस्तीसला. तोवर खाली कॉफी घेऊ." मी तिला सात दहालाच आत नेऊन बसवतो. मला ट्रेलर बघायचे असतात, आणि त्यात भयपटाचा असेल तर मला एक मिनिटही चुकवायचं नसतं.

एकतीस वर्षं मी नाटकांचं पार्श्वसंगीत वाजवलं. रचायचं दुसऱ्या कुणी, प्रयोगात सोडायचं मी. आधी स्पूलवर, मग कॅसेटच्या दोन डेकवर, शेवटी लॅपटॉपवर. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला रहस्यनाट्यांचे किती प्रयोग केले त्याची मोजदाद नाही. रंगमंचावरचं दार करकरत उघडलं की आवाज लगेच सोडायचा, की प्रेक्षकांचा एक श्वास जाऊ द्यायचा, हे बोटांना कळायला मला चार वर्षं लागली. त्यामुळे भयपटाचा ट्रेलर मी त्याच कानानं ऐकतो. हे परीक्षण त्यासाठीच: घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमधल्या मल्टिप्लेक्सचा चार नंबरचा पडदा भयपटाच्या ट्रेलरला किती न्याय देतो.

आधी सोयीचं उरकतो. बुधवारी सकाळचं तिकीट आम्हाला १६० रुपयांना पडलं, शनिवारी संध्याकाळी त्याच खुर्चीचे ३४० मोजले. गाडी तळघरात लावता येते, पण खेळ सुटल्यावर वर यायला वीस मिनिटं जातात. खुर्च्या चांगल्या, पाठ दुखत नाही. मागून चौथी रांग, मधोमध, ही जागा धरा. त्याच्या पुढे बसलात तर बाजूच्या भिंतींवरचे स्पीकर मागे राहतात आणि पाठीमागून येणारी पावलं डोक्यावरून जातात.

आता आवाज. या पडद्याचा खर्ज फार सुंदर आहे. स्वस्तातल्या सबवूफरचा खर्ज घुमतो, एक ठोका संपायच्या आत दुसरा त्यात मिसळतो. इथे ठोका छातीत लागतो आणि तिथेच थांबतो. थांबणं महत्त्वाचं, कारण त्याच्या मागे जी शांतता येते ती स्वच्छ मिळते. भयपटाच्या ट्रेलरचा सगळा जीव त्या शांततेत असतो.

त्या शनिवारी तीन ट्रेलर होते. पहिला अजून डोक्यातून जात नाही. कोकणातलं घर, पावसाळी उजेड, परसात विहीर. एक मुलगी रहाटानं पाणी काढते आहे. रहाट कुरकुरतो. घागर वर येते. पुन्हा कुरकुर, पुन्हा घागर. तिसऱ्यांदा तेच. दोन कुरकुरींमधलं अंतर अगदी सारखं, लय कानात बसलेली. चौथ्यांदा दोर खाली जातो आणि रहाट वाजतच नाही. मुलगी वाट बघते, आपणही बघतो. तबलजी तिहाई घेतो, तोच बोल दोनदा देतो आणि तिसऱ्या वेळची सम येऊच देत नाही, तेव्हा मैफलीत सगळ्यांच्या माना पुढे येतात, तसं झालं. मी मोजत होतो. सव्वातीन सेकंद पूर्ण शांतता. पाऊसही कापलेला, पंखाही नाही, काही नाही. मग कुरकुर आली, पण विहिरीकडून नाही. ती आमच्या मागच्या भिंतीतून आली.

तन्वीनं माझा हात धरला. ती चोवीस वर्षांची आहे, एरवी पालीलाही घाबरत नाही.

यात पडद्यावर भयानक असं काहीच दाखवलं नव्हतं. लय बांधली, मोडली, आणि मोडलेल्या जागी आवाज चुकीच्या दिशेनं आणला. रहस्यनाट्यात आम्ही हेच करायचो, फक्त आमच्याकडे दोनच स्पीकर असायचे, त्यामुळे दिशा बदलायची तर एक स्पीकर विंगेतून उचलून प्रेक्षागृहाच्या मागच्या दारापाशी ठेवावा लागे.

ट्रेलर शांत का ठेवतात यामागे एक हिशेबही आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. अमेरिकेत चित्रगृहात दाखवायच्या ट्रेलरच्या आवाजाला मर्यादा आहे: पूर्ण लांबीची सरासरी ८५ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही. मोजतात ती सरासरी. म्हणजे चाळीस सेकंद कुजबुजीवर काढलीत तर शेवटच्या तडाख्याला जास्त मोठा आवाज परवडतो. शांतता शिल्लक टाकायची आणि एका दणक्यात खर्च करायची. शिवाय कान शांततेला सरावला की तोच आवाज जास्त जोरात लागतो. खांदे वर जातात, डोळे मिटतात, मेंदूला विचार करायला वेळच मिळत नाही. हे शरीराचं काम, धीटपणाचा त्यात काही संबंध नाही.

आणि तो दातांत शिरणारा, कुठल्याच वाद्याचा वाटत नाही असा किणकिणता आवाज? तो अनेकदा वॉटरफोनचा असतो. रिचर्ड वॉटर्स नावाच्या अमेरिकन माणसानं साठच्या दशकाच्या शेवटी हे वाद्य बनवलं: स्टीलच्या भांड्यात थोडं पाणी, कडेनं उभ्या ब्राँझच्या सळ्या, त्यांवरून बो फिरवायचा. पाणी हलतं तसा सूर घसरतो, एका जागी थांबत नाही. आम्ही हे वाद्य कधी पाहिलं नव्हतं. आम्ही पितळेच्या परातीत तांब्याभर पाणी घ्यायचो, कडेवर व्हायोलिनचा बो ओढायचो आणि परात हळूहळू तिरकी करायचो. पहिल्यांदा तालमीत वाजवला तेव्हा नेपथ्यवाल्या काकांनी हातोडी खाली ठेवली होती.

असे आवाज आपल्याला का टोचतात याचा अभ्यास झालेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले डॅनियल ब्लमस्टीन मारमॉट या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या हाकांवर काम करतात. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१० साली शंभरावर चित्रपटांच्या आवाजाची तपासणी प्रसिद्ध केली. घाबरलेल्या प्राण्याचा गळा फाटतो तेव्हा जो खरखरीत, बेसूर आवाज निघतो, त्या जातीचे आवाज भयपटांत जास्त सापडले. पिल्लाची किंकाळी ऐकून आईनं धावावं, म्हणून जो आवाज निसर्गानं ठेवला तोच इथे उपयोगाला येतो.

दुसऱ्या ट्रेलरनं माझी निराशा केली. अडीच मिनिटांत सगळी गोष्ट: जोडपं नव्या घरात येतं, मूल भिंतीशी बोलतं, म्हातारी शेजारीण इशारा देते, मांत्रिक येतो, आणि शेवटी भूत चेहऱ्यासकट, उजेडात. तडाखेही सात. तिसऱ्या तडाख्यानंतर मागच्या रांगेतली कॉलेजची मुलं हसायला लागली. प्रेक्षक भीतीनं हसतो ते वेगळं, त्या हसण्याच्या शेवटी श्वास आत ओढल्याचा आवाज येतो. हे तसलं नव्हतं. पुढचा दणका कधी येणार हे त्यांना कळलं होतं.

ट्रेलरला गोष्ट लागत नाही, हे फार आधी सिद्ध झालं आहे. १९६० साली हिचकॉकनं 'सायको'चा ट्रेलर केला तो सहा मिनिटांहून मोठा आहे आणि त्यात बराच वेळ तो स्वतःच रिकाम्या सेटवर फिरून, घर विकायला काढल्यासारख्या शांतपणे, इथे काय घडलं ते सांगता सांगता गप्प होतो. १९८० च्या 'द शायनिंग'च्या ट्रेलरमध्ये तर एकच स्थिर दृश्य आहे: बंद लिफ्टची दारं, वर सरकणारी नावं, आणि मग दारांमधून उसळणारं रक्त. एक पात्र दिसत नाही. दोन्ही ट्रेलर बघणाऱ्याच्या मनात एक जागा रिकामी ठेवतात, आणि ती भरायला माणूस तिकीट काढतो.

लोक ओढले जातात त्याला आणखी एक कारण आहे, सोबत. २००९ साली 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी'च्या जाहिरातीत सिनेमाच्या बरोबरीनं अंधारात बसलेले प्रेक्षक दाखवले होते, दचकणारे, एकमेकांना बिलगणारे. मोबाइलवर ट्रेलर बघताना हीच गोष्ट मिळत नाही. 'तुंबाड' हा भयपट २०१८ साली आला तेव्हा चित्रगृहात थोड्याच लोकांनी पाहिला. पुढची सहा वर्षं लोक घरी बघत राहिले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. मी तो याच चार नंबरला पाहिला. शेजारच्या बाईंना गोष्ट पाठ होती. त्या आल्या होत्या सिनेमातल्या पावसासाठी, दोनशे माणसांबरोबर बसून ऐकायच्या पावसासाठी.

आता या पडद्याची तक्रार. इथे ट्रेलर चालू असताना दिवे अर्धेच मालवलेले असतात. पूर्ण अंधार होतो तो सिनेमा सुरू झाल्यावर. भयपटाच्या ट्रेलरला काळा पडदा हा एक आवाजच असतो. त्या सव्वातीन सेकंदांत पडदाही काळा होता, आणि मला समोर दिसत होती ती जिन्यावरची पिवळी पट्टी आणि कुणाचा तरी समोशांचा ट्रे. खाणं खुर्चीवर आणून देणारी मुलं नेमकी याच वेळात फिरतात, मोबाइलचा टॉर्च लावून. त्यांचा दोष नाही, त्यांना तेवढाच वेळ मिळतो.

दुसरं, आवाजाची पातळी. चित्रगृहाच्या ध्वनियंत्रावर सातचा आकडा म्हणजे स्टुडिओत ज्या पातळीवर आवाजाचं मिश्रण झालं ती पातळी. जाहिराती कर्कश असतात, लोक तक्रार करतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो पाचाच्या आसपास आणतात आणि पुढे तसाच ठेवतात. तडाखा त्यानं थोडा मवाळ होतो, ते चालेल. पण कुजबुज मरते. त्या शनिवारी रहाटाच्या आधी मुलगी काहीतरी पुटपुटते ते एसीच्या घरघरीखाली गेलं.

मध्यंतरात मी ड्युटी मॅनेजरना भेटलो. तिशीच्या आतल्या बाई होत्या, नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, दिवे आता हातानं कुणी घालवत नाही. प्लेलिस्टमध्ये खूण टाकलेली असते, ती सिनेमाच्या सुरुवातीला आहे."

"मग ती ट्रेलरच्या आधी सरकवता येईल?"

"येईल. पण लोक उशिरा येतात, अंधारात पडतील."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी म्हटलं, पायऱ्यांच्या पट्ट्या ठेवा, फक्त छताचे घालवा. ट्रेलरच्या आधी सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचं पान येतं, तिथे खूण टाका. त्या पानावर नाव वाचलं की प्रेक्षागृह आपोआप गप्प होतं, आमच्या तिसऱ्या घंटेसारखं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. आवाजाचं मात्र वरून ठरतं म्हणाल्या.

म्हणून सध्या पाचपैकी साडेतीन. खर्जासाठी आणि मागच्या भिंतीसाठी पूर्ण गुण, कुजबुजीसाठी कापले.

परवा, बुधवारी, पुन्हा गेलो. तन्वीनं ऑफिसातून अर्धा दिवस काढला होता. हळदीच्या दुधाची आणि फ्लॅटची जाहिरात झाली. प्रमाणपत्राचं पान आलं, त्यावर कोकणातल्या घराच्या त्याच सिनेमाचं नाव, आणि छताचे दिवे गेले. फक्त पायऱ्यांच्या कडा उजळत राहिल्या. मुलीची कुजबुज या वेळीही कळली नाही. रहाट तीनदा कुरकुरला. दोर खाली गेला. पुढे काय येणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी तन्वीचा हात माझ्या मनगटावर आला, आणि मी मोजायला लागलो.