‘बोर्ड जळलं’ म्हणून राउटर नेतात आणि दुसऱ्याला विकतात : होमस्टेवाल्यांनो, सावध राहा

मालवण, देवबाग, तारकर्ली, तोंडवळी, आचरा या पट्ट्यात ज्यांनी पाहुण्यांसाठी घरी वायफाय घेतलंय, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. राउटर सारखा बंद पडतो म्हणून दुरुस्तीला बोलावलेला माणूस ‘बोर्ड जळलं’ असं सांगून चालू राउटर घेऊन जातो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी घरात तोच नवा म्हणून विकतो. माझ्या काकीच्या घरी हे झालं. तारकर्लीच्या एका होमस्टेतही झालं. म्हणजे आणखीही घरं असणार.

काकीचं घर समुद्राला लागून आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौलं, मागच्या पडवीला जोडून पर्यटकांसाठी दोन खोल्या. काका गेल्यापासून तिचा संसार या दोन खोल्यांवर चालतो. वाडी उताराखाली असल्यामुळे मोबाईलला धड रेंज येत नाही, म्हणून पाहुणे पैसेही वायफायवरूनच देतात. नेट गेलं की पाहुणा मोबाईल उंच धरून अंगणभर फिरतो आणि शेवटी ‘काकू, गावी पोचल्यावर पाठवतो’ म्हणून निघतो. काही जण पाठवतात, काही जण विसरतात. तिच्यासाठी वायफाय ही चैनीची वस्तू नाही, एवढं समजावं म्हणून हे सांगतोय.

तिच्याकडे फायबरची लाइन आहे. कंपनीने भिंतीवर बसवलेला पांढरा डबा, आणि त्याला जोडलेला आमचा स्वतःचा काळा राउटर, कुडाळच्या दुकानातून १,९०० रुपयांना घेतलेला. दिवसभर तो नीट चालायचा. संध्याकाळी पाहुणे किनाऱ्यावरून परतले की राउटरचे सगळे दिवे एकदम विझायचे, थोड्या वेळाने पुन्हा लागायचे, नेट यायचं, परत विझायचे. ‘सगळे दिवे एकदम’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

बाजारात विजेच्या खांबावर ‘सर्व कंपन्यांचे वायफाय दुरुस्त करून मिळेल’ असा कागद लावलेला होता. त्यावरच्या नंबरावर काकीने फोन केला. माणूस कंपनीच्या नावाचा टी-शर्ट घालून आला, गळ्यात ओळखपत्र, बोलायला अतिशय नम्र. पहिल्या खेपेला त्याने सांगितलं, तुमच्या भिंती जाड आहेत, सिग्नल पोचत नाही, बूस्टर लावावा लागेल. बूस्टरचे २,२०० रुपये. त्रास तसाच राहिला. पुढच्या खेपेला त्याने राउटर उघडल्यासारखं केलं आणि म्हणाला, ऑक्टोबरात वीज कडाडली ना, ती फायबरमधून आत आली, त्यात समुद्राची खारी हवा, बोर्ड जळलं. नवा राउटर ३,२००, लाइन सेटिंगचे ५००. जुना राउटर ‘कंपनीला परत दाखवावा लागतो’ म्हणून पिशवीत घालून घेऊन गेला. पावती नाही.

त्याच्या बोलण्यात थोडं थोडं खरं होतं, म्हणूनच ते पटलं. चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय अडतं, हे खरं. त्यातही वायफायचे जे दोन सिग्नल असतात, त्यातला ५ गिगाहर्ट्झचा २.४ गिगाहर्ट्झच्यापेक्षा लवकर अडतो. पण राउटरच बंद पडत असेल तर बूस्टर काय करणार? तो मूळ राउटरकडून आलेलंच पुढे पाठवतो, स्वतः नेट तयार करत नाही. खाऱ्या हवेने पिना आणि जोड गंजतात, हेही खरं. आपल्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात आणि उपकरणं जळतात, हे तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण फायबर म्हणजे काच. काचेतून उजेड जातो, करंट जात नाही. वीज घरात शिरते ती मुख्यतः विजेच्या तारेतून, किंवा तांब्याच्या केबलमधून. आणि खरोखर जळालेलं बोर्ड पाच मिनिटांनी पुन्हा जिवंत होऊन नेट देत नाही. काकीचा राउटर रोज सकाळी ठणठणीत असायचा.

‘नवा’ राउटर लागला आणि त्याच संध्याकाळी पाहुणे आल्यावर सगळे दिवे पुन्हा विझले.

काकीने मला हे सगळं सांगितलं ते मी दिवाळीत तिच्याकडे गेलो तेव्हा. ‘नवो डबो घातलो तरी तसाच होता रे. माणूस बरो दिसलो म्हणान पैसे दिलंय,’ म्हणाली. मी तो राउटर उलटा करून बघितला. खालच्या स्टिकरवर जिथे अनुक्रमांक असतो, तो भाग खरवडलेला. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकून राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. त्याने आत शिरण्याचा पासवर्ड वायफायचाच ठेवला होता, त्यामुळे सहज उघडलं. वायफायचं नाव काकीचंच होतं, त्याने मुद्दाम तेच दिलं होतं, म्हणजे घरातले फोन आपोआप जोडले जावेत आणि कोणाला शंका येऊ नये. पण पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय देण्याची जी सोय असते, तिथे बंद करून ठेवलेलं एक नाव होतं. तारकर्लीच्या एका होमस्टेचं नाव.

होमस्टेचा नंबर सगळीकडे दिलेला असतोच. फोन केला. ताईंनी उचलला. राउटरचा विषय काढल्याबरोबर त्या म्हणाल्या, ‘आमचं बोर्ड जळलं होतं, बदलून घेतलं.’ तोच नंबर, तोच नम्र माणूस. त्यांचा ‘जळालेला’ राउटर माझ्या हातात होता आणि चालू होता.

काकीचा राउटर मग कुठे असेल, हा विचार मनात आला तेव्हा मला खरोखर संताप आला. एकटी बाई, गिऱ्हाइकांनी भरलेला हंगाम, आणि तिच्या अडचणीचा फायदा घेऊन ५,९०० रुपये काढले. तेवढ्यासाठी तिला कितीतरी पाहुण्यांची न्याहारी-जेवणं रांधावी लागतात.

मूळ बिघाड काय होता? त्या माणसाने राउटर बदलला, पण त्याला वीज देणारा अडॅप्टर जुनाच ठेवला. तो अडॅप्टर मी कुडाळला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या दुकानदाराकडे नेला. नुसता मोजला तर १२ व्होल्ट बरोबर दाखवत होता. लोड लावल्यावर, म्हणजे वीज ओढणारी वस्तू जोडल्यावर, नऊच्या जवळ घसरला. संध्याकाळी सात-आठ फोन एकदम जोडले गेले की राउटर जास्त करंट ओढतो, थकलेल्या अडॅप्टरला ते झेपत नाही आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अडॅप्टर फ्रिजच्या मागे, गरम जागी, एक्स्टेन्शन बोर्डात होता. नवा अडॅप्टर ३०० रुपयांना मिळाला. त्यानंतर राउटर एकदाही विझलेला नाही.

म्हणून कोणाला बोलावण्याआधी दिव्यांकडे बघा. सगळे दिवे एकत्र जात असतील तर आधी वीज तपासा: प्लग सैल आहे का, पिन गंजली आहे का, अडॅप्टर हाताला चटका लागेल इतका गरम होतो का. तसाच दुसरा अडॅप्टर लावून बघा, मात्र त्यावरचे व्होल्ट तितकेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त, आणि पिन नीट बसणारी. कंपनीच्या पांढऱ्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लागला असेल तर बिघाड लाइनचा आहे. केबल कुठे तुटली असेल, वाकली असेल, माडाच्या झावळीने ओढली गेली असेल. त्यावर राउटर बदलून काही होत नाही, कंपनीकडे तक्रार करावी लागते, आणि तो नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्यायचा, खांबावरून नाही. दिवे सगळे ठीक आणि एकाच खोलीत नेट नाही, तर भिंतींचा प्रश्न. तेव्हा केबल टाकून त्या खोलीत दुसरा राउटर ठेवणं बूस्टरपेक्षा कधीही चांगलं.

आणखी एक खूण. कंपनीचा पांढरा डबा तुमच्या नावावर, त्याच्या अनुक्रमांकासह नोंदवलेला असतो. तो बदलायचा तर कंपनीच्या यंत्रणेत नवी नोंद व्हावी लागते. पिशवीतून दुसरा डबा काढून कोणी लगेच लावून देत असेल तर कंपनीला फोन करून विचारा की नोंद झाली का. आपल्या वस्तू, पांढरा डबा आणि राउटर दोन्ही, उलट्या करून खालच्या स्टिकरचा फोटो आजच काढून ठेवा. काकीकडे तसा फोटो नव्हता, पण कुडाळच्या दुकानाच्या बिलावर अनुक्रमांक निघाला, म्हणून आमच्या तक्रारीला आधार मिळाला. वस्तू परत न्यायची असेल तर लिहून द्या म्हणावं. खऱ्या माणसाला त्यात अडचण नसते.

अशा माणसाचा हात लागलेला राउटर तसाच वापरू नका. त्याला आतला पासवर्ड माहीत असतो. आतल्या सेटिंगमध्ये फेरफार करून तुम्हाला खोट्या पानावर नेता येतं, आणि आपले पाहुणे त्याच वायफायवरून बँकेचे व्यवहार करतात. आधी त्यात कोणा दुसऱ्याचं नाव नाही ना, ते बघा; असेल तर काही पुसू नका. नसेल तर मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवली की राउटर कोरा होतो. पण तुमच्या लाइनला युजरनेम-पासवर्ड लागत असेल तर तो आधी कंपनीकडून घेऊन ठेवा, नाहीतर नेट सुरू होणार नाही. मग राउटरचा पासवर्ड वेगळा, वायफायचा वेगळा, आणि घराबाहेरून, इंटरनेटवरून राउटर चालवण्याची सोय बंद.

आम्ही आणि तारकर्लीच्या ताईंनी मिळून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही बोललो, पण तिथे तक्रार कोणत्या दुकानाविरुद्ध, कोणत्या कंपनीविरुद्ध, हे आधी विचारतात, आणि या माणसाने ना पावती दिली, ना खरं नाव सांगितलं. त्याचा फोन आता बंद आहे. एकच धागा हाती आहे. बूस्टरचे पैसे काकीने यूपीआयने दिले होते आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक तिच्या मोबाईलमध्ये होता. तो पोलिसांना दिला आहे. ज्यांनी त्याला असे पैसे दिले असतील त्यांनी आपला क्रमांक शोधून तक्रार द्यावी. चार घरांच्या तक्रारी एकत्र आल्या तर तपासाला जोर येतो.

आणि गेल्या काही महिन्यांत कोणी असा ‘नवा’ राउटर घेतला असेल, तर तो तपासा. स्टिकर खरवडलंय का, पान उघडून कोणा दुसऱ्याचं नाव आहे का. काकीचा राउटर काळा आहे, दोन अँटेना, त्यातली डावी बिजागरीत सैल असल्यामुळे आपोआप खाली पडते. पाहुण्यांच्या वायफायला तिने ‘पडवी’ असं नाव दिलं होतं. तुमच्या राउटरमध्ये ते नाव दिसलं, तर तो बंद करून, काहीही न पुसता, जवळच्या पोलीस ठाण्यात दाखवा.