महूतले अकरा महिने: फौजी घर, विशेष मूल आणि एक निळी फाइल

‘फौजेत काय, सगळी सोय असते!’ हे मी सासरी-माहेरी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती हसते. सोय असते हे खरं. पण ती कुठल्या टेबलावर असते, कुठला कागद दाखवला की मिळते आणि बदली झाली की तिचं काय होतं, ते कुणी सांगत नाही. अकरा महिने वापरून जे कळलं ते लिहितेय. दुसऱ्या कुणा हवालदाराच्या बायकोच्या दोन चकरा वाचल्या तरी खूप.

आमचा लेक सात वर्षांचा. ऑटिझम आहे. आधीचं स्टेशन लहान होतं, त्याच्यासाठी शाळाच नव्हती. गेल्या जूनमध्ये यांना फील्ड पोस्टिंग आलं, म्हणजे कुटुंबाला नेता येत नाही अशी जागा, तेव्हा कुटुंबासाठी आम्ही इंदूरजवळची महू छावणी मागितली. एक कारण म्हणजे इथली विशेष मुलांची आशा शाळा, आणि दुसरं म्हणजे माझी आई. ती इंदूरला, लोकमान्य नगरात, महूपासून पंचवीसेक किलोमीटरवर. फील्डवरच्यांच्या कुटुंबांचं क्वार्टर, ज्याला सगळे एस.एफ. म्हणतात, ते मिळायला अडीच महिने लागले. तोवर आईकडून रोज ये-जा. भरलेल्या बसमध्ये लेक मांडीवर, आणि शेजारच्या काकू हमखास विचारणार, ‘इतना बड़ा हो गया, बोलता नहीं?’ पहिल्या महिन्यात मी उत्तर द्यायचे. नंतर खिडकीबाहेर बघायला शिकले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आशा शाळा चालवते ‘आवा’, म्हणजे आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन. संस्था १९६६ पासूनची, आणि शाळा देशात बऱ्याच छावण्यांत आहेत. मी आधी जरा साशंकच होते. आवा म्हटलं की मला साड्या, चहा आणि मॅडमच्या स्वागताची रांगोळी एवढंच आठवायचं. शाळेने ते मत बदललं.

पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या बाईंनी विचारलं, ‘घर में कौन सी भाषा है?’ मी मराठी म्हटलं आणि मनात म्हटलं, आता ओरडा बसणार. कारण आधीच्या गावी एकाने ठामपणे सांगितलं होतं की एकच भाषा ठेवा, हिंदीच बोला. वर्षभर मी पोटच्या पोराशी हिंदीत बोलत होते, आणि आजी फोनवर आली की तो उठून जायचा. या बाई म्हणाल्या, घरात मराठीच ठेवा, चित्र एक असलं की झालं.

चित्र म्हणजे कार्डं. बोलता येत नाही तिथे कार्ड काढून हातात द्यायचं. शाळेच्या कार्डावर पाण्यासाठी काचेचा ग्लास होता. आमच्या घरी पाणी फुलपात्रात. लेक त्या ग्लासाला पाणी मानायलाच तयार नाही! मग मी आमच्याच फुलपात्राचा फोटो काढला, सदर बाजारातून प्रिंट आणली, मागे वेल्क्रो चिकटवला. पाच आठवडे काही नाही. सहाव्या आठवड्यात एका रविवारी आईकडे तो उठला, कार्ड ओढून काढलं आणि आजीच्या हातात ठेवलं. आई धावत पाणी घेऊन आली, डोळे पुसत. त्याने फुलपात्र घेतलं आणि सगळं पाणी तुळशीत ओतलं. तहान नव्हतीच त्याला, तुळशीला पाणी घालायचं होतं! आता वहीत एकेचाळीस कार्डं आहेत. त्यातली पोह्यांची तीन, कारण शेव घातलेले, शेव न घातलेले आणि जीरावनवाले हे त्याच्या लेखी तीन वेगळे पदार्थ. इंदूरच्या नातवाला साजेसंच.

(जाता जाता: रेंजवरचं फायरिंग त्याला अजिबात खुपत नाही. कुकरची शिट्टी झाली की मात्र कान धरून पलंगाखाली. वरण आता मी पातेल्यात शिजवते.)

बाबा कुठे गेले, हे त्याला सांगणं सगळ्यात अवघड होतं. तोही मार्ग शाळेतच मिळाला, पण साधन आमचं: कालनिर्णय. त्यावर मी गॅसची तारीख, दूध, गिरणी असं लिहीतच असते. बाईंनी सुचवलं, म्हणून रोज रात्री एक चौकोन त्याच्या हाताने खोडायचा आणि सुटीच्या तारखेवर हिरवा ट्रक काढायचा. एकदा सुटी नऊ दिवस पुढे गेली. ट्रक खोडून पुढे काढला, तर त्याने सबंध पान फाडलं. ती माझी चूक. आता तारीख पक्की झाल्याशिवाय ट्रक काढत नाही.

एवढं गोड बोलून झालं, आता कागद.

सगळ्याचं मूळ दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. तपासणीत एक चाळीस प्रश्नांची पट्टी असते. नजर देतो का, एकच शब्द घोकतो का, असे प्रश्न. ज्या सरकारी रुग्णालयात आम्ही गेलो तिथे तीन चकरा झाल्या. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा संगणक बंद. तिसऱ्यांदा काम झालं, पण नावात घोळ. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जन्मदाखल्यावर तसंच आहे. फौजेच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या नोंदीच्या कागदात, मधलं नाव नाही. प्रमाणपत्रावर लिहिणाऱ्याने आडनावच गाळलं. कागदोपत्री माझी तीन मुलं झाली! हे दुरुस्त करायला साडेतीन महिने गेले, आणि तेही यांच्या युनिटचे हेड क्लार्क चांगले होते म्हणून. मूल झाल्या दिवसापासून तिन्हीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग. हे एवढं एकच वाचून पुढे गेलात तरी चालेल.

पैशांचं. मुलांचा शिक्षण भत्ता दिव्यांग मुलासाठी दुप्पट मिळतो: आधी महिना ४,५०० होता, जानेवारी २०२४ पासून ५,६२५. पण तो शैक्षणिक वर्ष संपल्यावर शाळेचा दाखला जोडून मागायचा असतो, त्यामुळे वर्षभर खर्च आपल्याच खिशातून. मी एप्रिलमध्ये कागद दिले, पैसे अजून वाटेवर आहेत. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘निरामय’ आरोग्य विमा मात्र जरूर घ्या. वर्षाला एक लाखापर्यंत कव्हर, नोंदणीआधी कुठली वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपीची बिलंही त्यात बसतात, मर्यादेत. तुम्ही म्हणाल मिलिटरी हॉस्पिटल असताना कशाला? कारण शनिवारची स्पीच थेरपी आम्ही इंदुरात खाजगीत करतो. माझं एक बिल परत आलं. डॉक्टरच्या चिठ्ठीची तारीख बिलानंतरची होती. चूक माझीच. आयकरात दिव्यांग मुलाच्या खर्चासाठी ७५,००० ची वजावट आहे, तीव्र दिव्यांगत्वाला सव्वा लाख, पण जुनी करप्रणाली निवडली तरच.

पुढचं मला शाळेच्या फाटकाबाहेर कळलं, बाकावर बसलेल्या आयांकडून. एका सुभेदार साहेबांची मुलगी एकोणीसची आहे. तिच्या आईने मला बसवून सांगितलं: अठरानंतर आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, कलेक्टरांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. कायमच्या दिव्यांग मुलाला ई.सी.एच.एस.मध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, वयाची अट नाही. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्याचं नाव पी.पी.ओ.मध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, आधीच घालून घेता येतं. ‘हम लोग रहें न रहें, कागज़ रहना चाहिए,’ असं म्हणून त्यांनी मला थर्मासमधला चहा दिला. वेल्फेअरच्या मीटिंगमध्ये हे कधी ऐकलं नव्हतं. तिथे हस्तकलेचं प्रदर्शन असतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मूल एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जातं तेव्हा त्याच्याबरोबर काहीच जात नाही. यांचे सर्व्हिसचे कागद जातात, आमचं राशन जातं, क्वार्टरच्या पंख्यांची यादीसुद्धा सही होऊन जाते. पण लेक काय शिकला, कशाला घाबरतो, कुठली कार्डं चालतात हे नवीन जागी पहिल्यापासून सांगायचं. मागच्या बदलीत त्याचे सात महिने असेच गेले. शाळेला मी विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःहून दोन पानी टिपण लिहून दिलं. तशी पद्धत म्हणून नाही, बाईंचा चांगुलपणा म्हणून.

तेव्हापासून ही निळी फाइल. प्रमाणपत्राच्या चार झेरॉक्स, पार्ट टू ऑर्डर, निरामयचं कार्ड, बाईंचं टिपण आणि सगळ्यात वर माझ्या अक्षरातलं एक पान: ‘कुकरची शिट्टी नको. पाणी फुलपात्रात. सुटीची तारीख कच्ची असेल तर सांगू नका.’ हिंदीतही लिहून घेतलंय.

हिरवा ट्रक सध्या चोवीस तारखेवर आहे. पक्की तारीख.