बजेट गेमिंग पीसी : कुठे हात आखडला, कुठे नाही

माझ्या पीसीत आहे ते असं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, बी५५० चिपसेटचा चार रॅम स्लॉटवाला मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट. यात नवलाईचं काही नाही. प्रोसेसर २०२२ चा, कार्ड २०२१ चं. जोडणी झाल्यावर दोन दिवसांत लिहिलं असतं तर फक्त एफपीएसचे (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचे) आकडे लिहिले असते. आता काही महिने रोजच्या वापरानंतर लक्षात राहिलेल्या गोष्टी बऱ्याच वेगळ्या आहेत.

भाग निवडताना नियम एकच ठेवला होता. जे नंतर स्क्रूड्रायव्हर घेऊन पाच-दहा मिनिटांत बदलता येतं, तिथे पैसे वाचवायचे. जे बदलायला सगळ्या वायरी काढाव्या लागतात, किंवा ज्याच्या भरवशावर बाकीचे भाग चालतात, तिथे वाचवायचे नाहीत. ग्राफिक्स कार्ड या नियमाला अपवाद. ते बदलायला सोपं, पण गेमिंगसाठीच पीसी घेतोय म्हटल्यावर सगळ्यांत मोठा वाटा त्याचाच.

१०८०पी आणि १४४ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी आरएक्स ६६०० मला अजूनही पुरतं. हलके ऑनलाइन शूटर मॉनिटरची मर्यादा सहज गाठतात. जड गेममध्ये टेक्श्चर वरच ठेवतो आणि सावल्या, धुकं, प्रतिबिंबं एकेक पायरी खाली आणतो. चित्रात फरक दिसत नाही, फ्रेमच्या आकड्यात दिसतो. ८ जीबी व्हीरॅमवर (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर) अल्ट्राचा, म्हणजे सगळ्यांत वरच्या सेटिंगचा, हट्ट धरला तर काही नवे गेम अडखळतात, आणि हे अडखळणं सरासरी एफपीएसमध्ये दिसत नाही. आकडा छान असतो, कॅमेरा वळवला की मात्र झटका बसतो. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करून सावल्या-प्रतिबिंबं काढणं, मी बंदच ठेवतो. तरी ती सोय कार्डात असणं गरजेचं आहे, कारण काही अलीकडचे गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय सुरूच होत नाहीत. म्हणूनच सेकंडहँड आरएक्स ५७०० एक्सटीचा मोह टाळला. ते कार्ड २०१९ चं, ताकद बरी, पण ना रे ट्रेसिंग, ना मेश शेडर (काही नवे गेम वापरतात ती आकार रेखाटायची पद्धत). वर २२५ वॅट खातं. ६६०० चं काम १३२ वॅटमध्ये होतं.

प्रोसेसरच्या बाबतीत ५६०० की ५५०० हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. नावं जुळ्या भावांसारखी, दोन्हीत सहा कोर, बारा थ्रेड. पण ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. शिवाय प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणारा रस्ता म्हणजे पीसीआयई; ५५०० त्याच्या जुन्या ३.० आवृत्तीवरच थांबतो आणि आरएक्स ६६०० ला मुळातच सोळाऐवजी आठच लेन आहेत. एरवी याने फार बिघडत नाही. व्हीरॅम भरून डेटा सिस्टिम रॅममध्ये सांडायला लागला की मात्र हा रस्ता अरुंद पडतो. स्वस्त कार्डांवर नेमकी हीच वेळ वारंवार येते. म्हणून मी ५६०० घेतला. यात अंगभूत ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची. बोर्डावरचं एचडीएमआय पोर्ट नुसतं शोभेला. कूलर वेगळा घेतला नाही. ६५ वॅटच्या प्रोसेसरला डब्यातला पुरतो. फक्त बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पंख्याचा वेग हळूहळू चढेल असं करून ठेवलं.

रॅम एकाच १६ जीबी स्टिकमध्ये घेऊ नका, एवढं ठासून सांगेन. दोन स्टिक म्हणजे दोन चॅनल, म्हणजे २५.६ ऐवजी ५१.२ जीबी प्रतिसेकंद. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम निमूटपणे कमी वेगाने धावत राहते आणि कुणी काही सांगायला येत नाही. मॉनिटरचंही तेच. विंडोजमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडावं लागतं. १६ जीबी आता काठावर आलंय हे खरं. गेम, व्हॉइस चॅट आणि वीसेक टॅब उघडे ठेवले की श्वास कोंडतो. पण हा भाग बदलायला सोपा, म्हणून तिथे जाणूनबुजून थांबलो होतो.

एसएसडीसुद्धा डीरॅम (आतली वेगळी मेमरी चिप) नसलेली, स्वस्तातलीच घेतली. गेम उघडताना फरक मला तरी जाणवला नाही. मोठ्या फायली एकदम कॉपी केल्या की कॅश भरते आणि वेग धाडकन पडतो, एवढंच.

पॉवर सप्लायवर मात्र घासाघीस केली नाही. '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट सर्किट झाल्यावर तो वेळेत बंद होईल का, याबद्दल अवाक्षर नाही. त्यामुळे त्या विशिष्ट मॉडेलची उघडून केलेली चाचणी वाचूनच घेतला. आकड्यांच्या हिशेबाने ५५० वॅट गरजेपेक्षा जास्तच आहे. पण पुढचं कार्ड १८०-२०० वॅटचं आलं तरी वायरी उपसाव्या लागणार नाहीत.

तक्रारी दोन, दोन्ही आवाजाच्या. कॅबिनेटसोबत आलेल्या पंख्यांपैकी एक काही आठवड्यांतच घरघरायला लागला. तो बदलला. दुसरी म्हणजे कार्डाची कॉइल व्हाइन, म्हणजे आतल्या कॉइलचा बारीक आवाज. गेमच्या मेन्यूमध्ये काहीच घडत नसताना फ्रेम शेकड्यांनी धावायच्या आणि कार्ड बारीक किणकिणायचं. फ्रेम रेट १४० ला बांधला आणि ते थांबलं. फ्रीसिंकच्या (मॉनिटरचा वेग कार्डाशी जुळवणाऱ्या सोयीच्या) मर्यादेत राहिल्यामुळे चित्रही फाटत नाही. त्यासोबत कार्डाचं व्होल्टेज थोडं उतरवलं, तर तापमान आणि पंखा दोन्ही खाली आले. जाळीतून धूळ भरपूर येते, ब्रश फिरवत राहावं लागतं. तरी काचेचं बंद तोंड असलेल्या कॅबिनेटपेक्षा हे कधीही बरं. आत हवाच येत नसेल तर रंगीत दिवे लावून काय करायचं?

थ्रीडी रेंडरिंग किंवा कुडावर (एनव्हिडियाच्या स्वतःच्या प्रणालीवर) चालणारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ही यादी घेऊ नये. त्यांनी एनव्हिडियाचं कार्डच बघावं. फक्त खेळायचं असेल तर चालेल. माझं पुढचं काम ३२ जीबीचा जुळा संच. आत्ताच्या स्टिकसोबत वेगळ्या स्टिक मिसळण्यापेक्षा दोन्ही बदलेन, कारण चार स्टिकवर मेमरी कंट्रोलर कधीकधी पूर्ण वेग धरत नाही. त्यानंतर रिकाम्या एम.२ स्लॉटमध्ये दुसरी एसएसडी. कार्डाला अजून हात लावायची गरज दिसत नाही.